गोऱ्या सोल्जरची तहान

पोहऱ्याच्या टेकडीचा चढ अर्धा झाला की शाळेची बस दोनदा उचकी लागल्यासारखं करायची आणि बंद पडायची. त्या दिवशीही पडली. मार्च महिना होता. सकाळची शाळा सुटली होती आणि अमरावतीहून निघालेली बस टेकडीपलीकडच्या गावांतली मुलं घरी पोचवायला चालली होती. बस थांबली म्हणून एकही मूल कुरकुरलं नाही. उलट सगळी एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली. पुढचा खेळ त्यांना पाठ होता.

रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली माणसं आधीच जमलेली होती. शेतावरची होती, बाजारातून परतणारी होती. दोन बाया तर कडेवर आजारी पोरं घेऊन चांदूरहून पायी आल्या होत्या. बस बंद पडताच त्या घोळक्यात समाधानाची हालचाल झाली. पाहायला आलेलं पाहायला मिळणार होतं.

इंजनबाबा सावकाश उठला. अंगात पलटणीतला खाकी शर्ट, खाली भगवी लुंगी, गळ्यात रुद्राक्षाची माळ, आणि माळेच्या मधोमध मेरुमणी असावा तिथं गाडीचा एक जुना प्लग ओवलेला. तो कुठून आला हे कोणाला ठाऊक नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात तो या झाडाखाली दिसू लागला, एवढंच.

"बैठे रहो भाईलोग," तो म्हणाला. "गोरा सोल्जर को प्यास लगी है."

मग त्यानं रोजची कथा सांगितली. ही गाडी पलटणीची. बर्माच्या लढाईत एक गोरा सोल्जर हिच्याच ष्टेअरिंगवर पाणी पाणी करत मेला. त्याचा जीव इंजिनात अडकला. ऊन डोक्यावर आलं आणि चढ लागला की त्याला ते मरण आठवतं आणि तो गाडी धरून ठेवतो. "लेकिन पानी तो बहाना है," बाबा बोट वर करून म्हणाला, "असली ताकद मंतर में है."

त्यानं बॉनेट उघडलं. बॉनेटची कडी कुठं आहे हे त्याला शोधावं लागत नसे. माठात बुडवलेलं भगवं फडकं त्यानं इंजिनाच्या एका कुशीत, नेमक्या एका जागी, आजाऱ्याच्या कपाळावर घडी ठेवावी तसं ठेवलं. त्या जागेला तो गोऱ्याची छाती म्हणायचा. मग डोळे मिटून मंत्र सुरू झाला. त्यात ह्रीम् होतं, क्लीम् होतं, पिस्टन शांत होतं आणि कार्बोरेटर शांत होतं. खिडकीतली मुलं त्याच्या मागून एका सुरात म्हणत होती. मंत्र लांबलचक होता. मध्येच बाबा थांबून फडक्यावर हात ठेवून पाही, आणि सोल्जर अजून रडून राहिला म्हणून सांगे, की पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी त्यानं डोळे उघडले आणि ड्रायव्हरला खूण केली. खुशालरावानं सेल्फ मारला. इंजिन एकदा कुरकुरलं आणि लागलं. सगळ्यांचे हात जोडले गेले.

मुलांबरोबर जाणारी शाळेतली बाई म्हणून पंचफुला पहिल्या बाकावर बसायची. तिथून तिला बॉनेटशेजारी उभे असलेले तिचे वडील दिसत होते. मोतीराम शाळेच्या बसचा मेकॅनिक. त्यानं हात जोडले नव्हते. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यानं कोणत्याच देवापुढं हात जोडले नव्हते. पण त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. टोपी काढून उभं राहणं हे हात जोडण्यापेक्षा कमी की जास्त, हे तिला ठरवता आलं नाही.

संध्याकाळी मोतीराम नेहमीसारखा घरी आला. रॉकेलनं हात धुतले, अंगणातल्या बाजेवर बसला, बशीत ओतून चहा प्यायला आणि लेकीला पेपर मोठ्यानं वाचायला सांगितला. कापसाच्या भावाशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तो भाव त्याला रोज ऐकायला लागायचा. मध्येच म्हणाला, "मी आज गोऱ्याले म्हटलं, पाणी कायले पितं, पेट्रोल पी ना लेका." जाईबाई, पंचफुलाची आई, चुलीपाशी बसून हसली. नंतर त्यानं डावा हात झटकला. पंजाला मुंग्या येऊन राहिल्या म्हणाला. जाईबाईनं तेल कोमट करून चोळलं. लवकर झोपला.

असा तो दिवस. लक्षात ठेवावं असं त्यात काही नव्हतं, आणि पुढं पंचफुलाला तो सगळाच्या सगळा लक्षात राहिला.

मोतीराम काही भोळा माणूस नव्हता. बडनेऱ्याकडच्या एका कापसाच्या जिनात, सरकीच्या धुळीत, तो डिझेलच्या ऑइल इंजिनावर फिटर म्हणून वाढला होता. वस्तीत शाळा काढायला पहिला तो पुढं झाला. घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडणारा पहिला तोच. लेकीला मॅट्रिक केलं, मग डी.एड. केलं, आणि तिची नोकरी शाळेत लागल्यावर शाळेला मेकॅनिक हवा आहे असं कळलं तेव्हा तो जिन सोडून तिथं आला. शाळेनं बस घेतली होती ती लष्कराच्या लिलावातली. अकोल्याला तिच्यावर नवी बॉडी चढवून पिवळा रंग दिला होता. आतलं इंजिन तेवढं जुनं, पेट्रोलचं.

मागच्या उन्हाळ्यात ती चढावर पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मोतीरामनं तिला आठवडाभर सोडलं नाही. पहाटेच शेडमध्ये जाऊन त्यानं प्लग काढून घासले, पॉइंट साफ केले, कॉइल बदलली, कार्बोरेटर उघडून पुन्हा बसवला. टाकीतलं पेट्रोल फडक्यातून गाळलं. शेडमध्ये गाडी घड्याळासारखी चालायची. दुपारी चढावर बंद पडायची. पुन्हा पहाटे उघडायची, पुन्हा काही सापडायचं नाही. मग एका दुपारी झाडाखालचा तो माणूस ओलं फडकं घेऊन पुढं आला, पुटपुटला, आणि गाडी लागली. दुसऱ्या दिवशी लागली. तिसऱ्या दिवशी मोतीरामनं त्याला हात लावू दिला नाही, आणि मुलं उन्हात तशीच अडकून राहिली. चौथ्या दिवशी मोतीराम बाजूला सरला.

"मी देवबीव नाई मानत," तो घरी म्हणाला होता. "पण त्या माणसाजवळ काहीतरी विद्या आहे. मी सगळं खोलून पाहिलं. वीज तरी कुठं दिसते आपल्याले? दिवा लागते म्हणून मानतो ना?"

तो डोळ्यांनी पाहिलेलं मानणारा माणूस होता. त्याच गुणानं त्याला तिथं नेलं. शाळेचे सेक्रेटरी वामनराव तर खूश झाले. नवं इंजिन मागणारा मेकॅनिक गप्प झाला होता आणि काम नारळावर भागत होतं. पावसाळ्यात बस बंद पडेना तेव्हा बाबानं जाहीर केलं की चातुर्मासात सोल्जर झोपतो. थंडीतही तो झोपलेलाच राहिला. कोणी विचारलं नाही की गोऱ्या माणसाला चातुर्मास कोणी शिकवला.

जानेवारीत, तिळगुळाच्या दिवसांत, शेडमध्ये एक कुत्रं शिरलं. लाळ गळत होती, चाल तिरपी होती. बसखालून निघून ते आधी मोतीरामच्या डाव्या हाताला चावलं आणि हाकलायला धावलेल्या खुशालरावाच्या पोटरीला. दुसऱ्या दिवशी ते नाल्यात मरून पडलेलं होतं. पंचफुलानं दवाखान्याचं नाव काढलं. मोतीराम म्हणाला, महाराजांनी, म्हणजे इंजनबाबानं, पाहिलं. बाबानं दोघांच्या हाताला काळा दोरा बांधला, राख लावली, आणि आपल्याकडे जुनी माणसं सांगत आलीत तेच सांगितलं, सात विहिरींत डोकावून या. दोघं मित्र सायकली घेऊन रविवारभर विहिरी पाहत हिंडले. संध्याकाळी हसत परत आले.

पंचफुला पुष्कळ वाचलेली होती. शाळेच्या कपाटातलं एकही पुस्तक तिनं सोडलं नव्हतं. पण त्या घरात मोतीरामला चूक म्हणायची रीत नव्हती, कारण तोवर तो चुकलेला कोणी पाहिला नव्हता.

आता मार्चात, त्या साध्या दिवसानंतरच्या सकाळी, जाईबाईनं चहा दिला. मोतीरामनं बशी तोंडाशी नेली आणि कोणी गळा आवळावा तसा मागं सरला. हसून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. जाईबाईनं पाण्याचा तांब्या आणला, तर तांब्या नुसता पाहूनच त्याचं अंग थरथरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, कुत्रं कधी चावलं. उत्तर ऐकून त्यांनी पंचफुलाला व्हरांड्यात नेलं. हा रोग एकदा दिसू लागला की जगात त्याला औषध नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. दिसायच्या आधी आहे. पोटात चौदा इंजेक्शनं.

मोतीराम आठवडा उलटायच्या आत गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता. खिडकी लावा म्हणायचा, वारा सहन होत नव्हता. त्याच्या जवळ पाणी न्यायची मनाई होती.

दवाखान्यातून प्रेत नेताना डॉक्टरांनी पंचफुलाला विचारलं होतं, आणखी कोणाला चावलं होतं का. पंचफुलानं खुशालरावाचं नाव सांगितलं. "मग त्याला आजच आणा," ते म्हणाले. "त्याला अजून काही झालं नसेल तर वेळ आहे. किती, ते मी सांगू शकत नाही."

अंत्यविधी झाला तशी ती थेट खुशालरावाच्या घरी गेली. तो दारातच बसला होता. मित्र गेल्याच्या दुःखानं सुजलेला चेहरा. तिला पाहून रडला, आणि दवाखान्याचं नाव ऐकताच डोळे पुसून ताठ झाला. त्यानं हाताचा दोरा दाखवला. मोतीरामभाऊ का गेले ते महाराजांनी सांगितलं होतं. त्यांची सातवी विहीर कोरडी होती. खुशालरावानं त्याच विहिरीशेजारची दुसरी पाहिली होती, तिच्यात कमरभर पाणी होतं. म्हणून त्याला धोका नाही.

पंचफुलानं कुत्रं तेच होतं म्हणून सांगितलं. रोग मज्जातंतूंतून मेंदूकडे कसा चढतो ते सांगितलं. तो ऐकत होता, कारण ती शाळेतली बाई होती आणि मोतीरामची लेक होती. शेवटी म्हणाला, "पंचफुलाबाई, मी बैलगाडी हाकणारा माणूस, गाडी चालवाले शिकलो. तुमच्या वडिलायले मशीन समजत होती. त्यायनं सगळं खोलून पाहिलं अन् मंग महाराजाले मानलं. मी त्यायच्याहून शहाणा होऊ का?"

हे तिला सगळीकडे भेटू लागलं. कडुनिंबाखाली बाबा आता कथेच्या शेवटी एक नवं वाक्य बोलायचा. "मोतीराम मेकॅनिक, धरम बदला हुआ आदमी, भगवान को नहीं मानता था. वो भी इधर टोपी उतारके खडा रहा." गर्दी वाढली. पोरं घेऊन येणाऱ्या बायांबरोबर साप चावलेलं, कावीळ झालेलं, फेफरं येणारं माणूसही येऊ लागलं. सोल्जरपेक्षा मोतीराम मोठा पुरावा झाला होता.

वस्तीतून डोमाजी आले, मोतीरामबरोबर दीक्षा घेतलेले. चटईवर बसून त्यांनी खालमानेनं विचारलं की लोक म्हणतात ते खरं का. पंचफुला हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. डोमाजी गेल्यावर जाईबाई म्हणाली, "हो म्हणून मेल्या माणसाचं नाव कायले खराब कराचं? ज्याले जे बोलाचं ते बोलू दे."

एप्रिलात मावशीला भेटायला ती अकोल्याला निघाली. मूर्तिजापूरच्या पुढं एस.टी.चं चाक बसलं. उतारू बाभळीच्या सावलीत उभे राहिले. समोरून एक सरकारी जीप येत होती. तिनं दोनदा उचकी लागल्यासारखं केलं आणि बंद पडली.

पंचफुला पाहत राहिली. जीपचा ड्रायव्हर शिव्या देत उतरला. बॉनेट उघडलं, गळ्यातला रुमाल पाण्याच्या पिशवीत बुडवला आणि इंजिनाच्या एका कुशीत ठेवला. मग सावलीत येऊन विडी पेटवली. मंत्र नाही, नारळ नाही. विडी संपली, त्यानं रुमाल उचलून पुन्हा भिजवून ठेवला, सेल्फ मारला. इंजिन लागलं.

ती धावतच गेली. हे काय केलं म्हणून विचारलं. त्याला तिच्या विचारण्याचंच नवल वाटलं.

"पेट्रोल उकळते ना बाई. एवढं ऊन, त्यात इंजन तापलेलं. पंपात पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल खेचते, वाफ खेचत नाई. पंप थंडा केला की वाफेचं पुन्हा पेट्रोल. जुन्या पेट्रोल गाडीवरच्या कोणत्याबी क्लीनरले विचारा." त्यानं जाता जाता उपायही सांगितला. नळीला सुतळी गुंडाळून ओली ठेवायची, नाहीतर नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर फिरवून घ्यायची.

एस.टी. पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या मनात एकच शब्द होता, एवढंच. पाऊस, थंडी, चातुर्मास, सकाळची शाळा, सगळं जागच्या जागी बसलं. एरवी वर्षभर बस संध्याकाळच्या गारव्यात चढ चढायची. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की तोच चढ भर दुपारी लागायचा. आणि तिच्या बाला, मोतीरामला, ते का सापडलं नाही, हेही बसलं. त्याच्या जिनातल्या ऑइल इंजिनाला हा आजारच होत नसे. जन्मभर त्यानं मोडलेली वस्तू शोधली होती. इथं काहीच मोडलेलं नव्हतं. तो पहाटे, गार शेडमध्ये, गार इंजिनात ते शोधत होता. दुपारी चढावर, गाडी बंद असताना, त्यानं नळीवर नुसता हात ठेवला असता तरी चटका बसला असता. पण त्या वेळी तो टोपी काढून उभा होता.

अकोल्यात ती एक रात्रही नीट झोपली नाही. दुसऱ्याच गाडीनं परतली.

परीक्षेच्या आधीचा आठवडा होता. बस चढावर थांबली. कडुनिंबाखाली नेहमीपेक्षा दुप्पट माणसं. बाबा फडकं भिजवायला माठाकडे वळला तशी पंचफुला खाली उतरली.

"महाराज," ती म्हणाली, "तुमी रोज सांगता, पाणी बहाणा आहे, ताकद मंत्रात आहे."

"सौ टक्का, बेटी."

"मग आज फडकं कोरडं ठेवा. नुसता मंत्र म्हणा."

गर्दीत हसू पसरलं, चांगलं हसू. महाराजांची ताकद आज आणखी उघडी दिसणार होती. एक म्हातारा म्हणाला, दाखवा महाराज, मास्तरीनबाईले दाखवाच. बाबाची नजर माठावर गेली, माणसांवर गेली. मागं फिरायला जागा नव्हती. कोरडं फडकं ठेवून त्यानं मंत्र सुरू केला. ह्रीम्, क्लीम्, पिस्टन शांत. त्या दिवशी मंत्र जेवढा लांबला तेवढा आधी कधी लांबला नव्हता. खुशालरावानं सेल्फ मारला. इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा मंत्र, पुन्हा घरघर. खिडकीतल्या मुलांनी म्हणणं थांबवलं.

पंचफुलानं पिशवीतून फळा पुसायचं फडकं काढलं. एका मुलीच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि पंपावर ठेवलं. ती गर्दीकडे वळून, वर्गात बोलावं तशा आवाजात, सांगू लागली. चुलीवरच्या पाण्याची वाफ होते तशी पेट्रोलची होते. ती पाण्याच्याही कितीतरी आधी होते. सोल्जर नाही, आत्मा नाही. हे फडकं कोणीही ठेवावं, खडूचं असो की भगवं असो. तिनं फडकं उचलून पुन्हा भिजवलं आणि बोलत राहिली, म्हणजे इंजिनाला हवा तेवढा वेळ मिळावा. मग तिनं खुशालरावाला खूण केली.

इंजिन लागलं.

तिनं या क्षणाची पुष्कळ वाट पाहिली होती. तो आला आणि त्यात काहीच घडलं नाही. कोणी चिडलं नाही, कोणी बाबाकडे रागानं पाहिलं नाही. मघाचाच म्हातारा समजूत घातल्यासारखं म्हणाला, "बाईच्या हातानं महाराजायनंच करवलं." दोनचार माना हलल्या. चांदूरची एक बाई पोराला घेऊन पुढं सरकली आणि तिनं पंचफुलाच्या हातातलं फळ्याचं फडकं पोराच्या कपाळाला लावलं.

बाबाला यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं. त्याचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही हात वर केले.

"देखो भाईलोग, देखो. मोतीराम आया है. बेटी के बदन में मोतीराम मेकॅनिक आया है. उसकी सातवी विहीर सूखी थी ना, आत्मा भटकती थी. आज गाडी को हाथ लगाने आया."

गर्दीतून एक लाट गेली. मागची माणसं उठून पुढं आली. खुशालराव इंजिन चालू ठेवूनच खाली उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पोटरीवर जिथं कुत्रं चावलं होतं तिथं तो नकळत दुसऱ्या पायानं घासत होता. पंचफुलाला ते दिसलं. बाच्या हाताच्या मुंग्या तिला आठवल्या.

खुशालरावानं तिच्यापुढं हात जोडले. लेकीपुढं नाही, मित्रापुढं.

"मोतीरामभाऊ," तो हळूच म्हणाला, "माह्या विहिरीत पाणी होतं ना? मले काही होणार नाई ना? तुमी म्हणसान ते करतो. तुमीच सांगा."

एका वाक्याचं काम होतं. दवाखान्यात जा, खुशालराव, आजच जा. बाच्या आवाजात, बाच्या नावानं एवढं म्हटलं की तो तशीच बस घेऊन दवाखान्याच्या दारात गेला असता. तिच्या ओठांवर ते आलंही. तिनं समोर पाहिलं. बाबा मान हलवून तिला धीर देत होता, धंद्यातल्या भागीदाराला द्यावा तसा. त्याच्या मागं त्या दोन बाया, त्यांची पोरं, आणि हात जोडून उभी असलेली सगळी माणसं. उद्या या झाडाला बाचा फोटो लागला असता. परवा कुत्रं चावलेला माणूस दवाखान्यात नाही, त्या फोटोपुढं आला असता. ज्या माणसानं घरातले देव नदीत सोडले, त्याचाच देव झाला असता.

आणि खुशालराव उत्तराची वाट पाहत होता.

तिनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांनी सोडवले. ती हळूहळू, प्रत्येक शब्द सुटा करून बोलली, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"खुशालकाका, मी मोतीराम नाई. मी पंचफुला. बा मेले, ते कोणाच्या अंगात येत नाईत. आता मी जे सांगते ते मी आजवर तोंडातून काढलं नाई, माह्या मायपुढंही नाई. हे लोक म्हणतात ते खरं आहे. माहे बा या झाडाखाली टोपी काढून उभे राहात होते. त्यायनं या माणसाचं ऐकलं, दोरा बांधला, विहिरी पाहिल्या. अन् ते चुकले. माहे बा हुशार होते, खरे होते, अन् चुकले. त्यायनं मले शाळेत घातलं ते त्यायच्या चुकीले चूक म्हणता यावं म्हणून. विहिरीतल्या पाण्यानं कुत्र्याचं जहर उतरत नाई, काका, ती भरलेली असो की कोरडी. कुत्रं एकच होतं. दवाखान्यात सुया आहेत अन् तुमाले अजून तहान लागते, पाणी पिता येते. माह्यावर इश्वास ठेवू नका, बावर ठेवू नका, याच्यावर तर ठेवूच नका. जे दिसते त्याचं कारण विचारा. चला, मी तुमच्या संगं येते. बा चुकले."